एकशे एकवीस अंशांचा दाखला

साहेब, तुम्ही चौदा पानं खोटं लिहिलंत. पानागणिक गोल शिक्का मारलात, शेवटच्या पानावर हिरव्या शाईत सही केलीत, वर सोनेरी किनारीचा दाखला टाचलात आणि विमानाच्या टपालानं आमच्या पत्त्यावर धाडलात. तुमचं नाव मला पाठ आहे. देशही माहीत आहे. दोन्ही लिहीत नाही, कारण तुमच्या खुर्चीत आज दुसरा कुणीतरी बसला असेल आणि तोही तेच करत असेल. इंग्रजीत लिहिलेलं तुम्ही वाचत नाही हे मी तेव्हाच बघितलंय. म्हणून मराठीत लिहितो. न वाचायचंच असेल तर माझी भाषा काय वाईट?

मार्च संपत आला होता. कुपवाडच्या एमआयडीसीत आमची शेड, वर पत्रा, आत उकाडा. तुमचं सातवं शंकापत्र त्या दुपारी आलं होतं आणि मी ते प्रयोगशाळेत उभा राहून मोठ्यानं वाचत होतो.

“मारुतीभाऊ, चौथा मुद्दा परत वाचा,” नसीमा मॅडम म्हणाल्या.

“अंतिम पॅकिंगनंतर सर्व नमुने एकशे एकवीस अंशांवर किमान एक तास निर्जंतुक करावेत, आणि तसा तांत्रिक अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला जोडावा.”

“आधी असेल. पॅकिंगच्या आधी. भुकटी आपण आधी निर्जंतुक करतो, मग जिवाणू मिसळतो. तसं लिहिलंय आपण अर्जात.”

“नंतरच आहे, मॅडम. खाली रेघ मारलीय त्यांनी. दोनदा.”

मॅडमनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला आणि हसायलाच लागल्या. “विरजण पाठवा म्हणतात. पण उकळून पाठवा.”

मालक दारात उभे होते. पायगोंडा चौगुले, आम्ही आण्णा म्हणायचो. “काय झालं एवढं हसायला?”

मॅडमनी सांगितलं.

“मग दही लागंल का त्येनं?”

“नाही लागणार, आण्णा.”

“मग ह्यो बाबा येडा हाय का आपण?”

आमचा माल काय होता ते सांगतो. तुम्हाला नाही, तुमच्याकडे त्याच्या चारशे पानांच्या दोन प्रती आहेत. इतरांसाठी सांगतो. कृष्णाकाठाला पाणी पाजून पाजून जमिनी खारावल्या. वर मिठाचा पांढरा थर, बी टाकलं की आतच जळतं. असल्या एका रानात लव्हाळा तेवढा हिरवा होता. नसीमा बागवान नावाच्या मिरजेच्या बाईंनी त्या लव्हाळ्याच्या मुळाशी चिकटलेली माती डब्यात भरून आणली आणि त्यातून एक जिवाणू वेगळा काढला. बियाला चोळला की खाऱ्या रानातही मूळ धरतं. अकरा वर्षं त्या एका जिवाणूमागं होत्या. लिग्नाइटच्या, म्हणजे कच्च्या दगडी कोळशाच्या, काळ्या भुकटीत तो मिसळून आम्ही किलोची पाकिटं करायचो. मी ऑटोक्लेव्हवर होतो. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा प्रेशर कुकर. भुकटी, काचसामान, काय असेल ते वाफेत घालायचं, बाहेर येतं त्यात जीव म्हणून काही उरत नाही. दहावी पास मी, पण डिक्शनरी घेऊन इंग्रजी शिकलो होतो, म्हणून परदेशी अर्जांचं टायपिंगही माझ्याच गळ्यात.

तुमच्या देशात समुद्राचं पाणी भातात शिरत होतं. तिथल्या आठशे बायकांच्या एका संस्थेनं आम्हाला पत्र लिहिलं होतं, पावडर पाठवा म्हणून. आण्णांना परदेशी गिऱ्हाईक हवं होतं. मॅडमना दुसरंच काही हवं होतं. इथल्या विद्यापीठातले लोक त्यांच्या कामाला ‘बागवानबाईंची जादूची राख’ म्हणायचे. एका सेमिनारमध्ये एकानं माइकवरून म्हटलं होतं, लोक हसले होते, मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या मला एकदा म्हणाल्या, “मारुतीभाऊ, जो मला ओळखत नाही, ज्याला माझ्याकडून काही नको, अशा एका माणसानं हा जिवाणू शेतात टाकून बघावा. चालला तर चालला म्हणावं, नाही तर नाही म्हणावं. बास.”

तो माणूस म्हणजे तुम्ही, साहेब. तुमच्याकडे नोंदणीचा नियमच होता: सरकारी शेतात एक हंगाम चाचणी, मग दाखला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुम्हाला फोन लावला. चाळीस मिनिटं तुमच्या कचेरीतलं टुणटुण संगीत ऐकलं. मग तुम्ही आलात. आठवतंय?

“लिग्नाइट जमिनीतून खणतात. जमिनीतून निघालं ते माती. देशात येणारी माती निर्जंतुक पाहिजे,” तुम्ही म्हणालात.

“मान्य आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण आमचा माल म्हणजे त्या भुकटीतले जिवंत जिवाणू. पॅकिंगनंतर तापवलं तर ते मरतात. तुमच्याच अर्जात तिसऱ्या पानावर विचारलंय, एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत हवेत.”

“ते पान दुसऱ्या विभागाचं आहे.”

“मग त्या विभागाला जोडून द्याल?”

“तो विभाग दाखला मिळाल्यावर सुरू होतो.”

मॅडमनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. आण्णा पुटपुटले, “ह्येला बोहल्यावर उभा केला तर आधी पोराचा दाखला मागंल.”

“नमुने तीस एप्रिलपर्यंत पोचले पाहिजेत,” तुम्ही पुढे म्हणालात. “नाही तर पुढच्या वर्षीचा हंगाम.” आणि फोन ठेवलात.

पुण्याचे पेंढारकर आमचे सल्लागार. देशोदेशीच्या मंजुऱ्या मिळवून देणं हाच त्यांचा धंदा. त्यांना बोलावलं. ते आले, पंख्याखालची खुर्ची धरली, चौथा मुद्दा वाचला आणि कागद घडी करून परत दिला.

“अहो, एवढंच ना? दाखला द्या आणि माल जिवंत पाठवा.”

“म्हणजे खोटा दाखला?” मॅडमनी विचारलं.

“खोटा काय, खरा काय! कागद आहे तो. सगळे हेच करतात. त्यांनाही माहितीय, आपल्यालाही माहितीय.”

“त्यांना माहितीय तर नियम का ठेवलाय?”

“मॅडम, तुम्ही फार शिकलात हो,” पेंढारकर हसत म्हणाले.

“सही माझी आहे, पेंढारकर. न तापवलेल्या पाकिटाला तापवलं म्हणून मी लिहिणार नाही. उद्या कुणी म्हणेल, बाईंनी दाखल्यात खोटं लिहिलं, मग जिवाणूचे आकडे तरी खरे कशावरून? मला तेवढंच नकोय.”

पेंढारकर गेले. आण्णा डोकं धरून बसले. “म्याडम, मग काय वर्षभर बसायचं? त्या बायकांनी रोपं टाकायची येळ झाली.”

मॅडम टेबलाशी गेल्या. टेबलावर काचेच्या प्लेटा होत्या, त्यात त्यांच्या जिवाणूचे पिवळट ठिपके उगवलेले. एक प्लेट उचलून त्यांनी उजेडाकडे धरली.

“तापवून पाठवू,” त्या म्हणाल्या.

“आँ?”

“वीसच्या वीस पाकिटं. खरोखर तापवायची, खरा दाखला द्यायचा. दाखल्यातच लिहीन, या प्रक्रियेनंतर पाकिटात एकही जिवाणू जिवंत उरलेला नाही. स्वच्छ लिहीन. ते पाकीट फोडतील, प्लेटवर टाकतील, शून्य येईल. शेतात टाकतील, काही होणार नाही. मग विचारतील, असं का? तेव्हा त्यांचाच चौथा मुद्दा त्यांच्यापुढं ठेवेन. कुणीतरी शहाणा माणूस असेलच की तिथं. नियम बदलतील, पुढच्या हंगामाला जिवंत माल जाईल.”

“आणि न्हाई इचारलं तर?”

“चाचणी करणारा माणूस विचारतोच, आण्णा.”

माणूस एवढा शिकला की त्याला वाटतं, समोरचाही तपासूनच लिहीत असणार. अकरा वर्षं ज्यांनी एकही आकडा न मोजता लिहिला नाही, त्यांच्याकडून दुसरी काय चूक होणार? मला तेव्हा कळायला पाहिजे होतं, कारण मी तसल्या शाळेत शिकलेला नव्हतो. पण मी कामाला लागलो. वीस पाकिटं जाळीच्या ट्रेमध्ये मांडली, दार आवळलं, काटा एकशे एकवीसवर नेला, तासभर धरला. पाकिटावर चिकटवलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या, म्हणजे माल नीट तापला. मॅडमनी दाखल्यावर सही केली. ते वाक्य चौथ्या ओळीत होतं. मीच टाइप केलं होतं.

आठ महिन्यांनी तुमचं पाकीट आलं.

आण्णांनी ते उभ्या उभ्या फाडलं. सोनेरी किनार बघितली आणि ओरडलेच. “झाली! म्याडम, नोंदणी झाली! मारत्या, पेढे आण, पळ!”

मॅडम हसल्या नाहीत. “झाली? कशी झाली?”

त्यांनी दाखला बाजूला ठेवला आणि मागचा अहवाल काढला. चौदा पानं. सरकारी शेत, चार भाग, एक हंगाम. आमची पावडर टाकलेल्या भागात भाताचं उत्पादन सव्वीस टक्के जास्त. कापणीनंतर जमिनीत आमच्या जिवाणूची संख्या ग्रॅमला सात कोटी वीस लाख. खाली तुमची हिरवी सही.

“सात कोटी वीस लाख,” मॅडम हळू म्हणाल्या. “मेलेल्यांची?”

“कदाचित त्येंच्या पाण्यात कायतरी आसंल,” आण्णा म्हणाले. त्यांना पेढे दिसत होते.

मॅडम पान उलटत होत्या. सहाव्या पानावर थांबल्या. “मारुतीभाऊ, हे बघा. चाचणीपूर्वी जमिनीतल्या क्षाराचं मोजमाप, चौऱ्याऐंशी.”

मी बघितलं. तो आकडा माझा होता. आमच्या अर्जात आम्ही आमच्या स्वतःच्या रानातली चाचणी जोडली होती, तिथला क्षार होता आठ पूर्णांक चार. टाइप करताना माझ्याकडून मधलं टिंब राहिलं होतं. समुद्राचं पाणीसुद्धा त्या मापात पन्नासच्या आसपास असतं, साहेब. चौऱ्याऐंशीच्या जमिनीत भात येत नाही, मीठ येतं. ते तुम्ही तसंच्या तसं उतरवून घेतलंत. मग आम्ही दोघांनी आमचा अर्ज काढला आणि शेजारी शेजारी ठेवून बघत गेलो. सव्वीस टक्के आमचे. सात कोटी वीस लाख आमचे. गावाचं नाव तेवढं बदललेलं.

“म्हणजे पेरलंच नाही,” मॅडम म्हणाल्या. “पाकीट फोडलंच नाही कुणी.”

आण्णा दाखल्याची खालची ओळ वाचत होते. मलाच दिली वाचायला. तिथं लिहिलं होतं: निर्यात होणारा सर्व माल मंजूर नमुन्याशी तंतोतंत जुळणारा असावा, आणि प्रत्येक पाकिटावर तापवल्याची काळ्या रेघांची पट्टी असावी.

“म्हणजे मेलेलाच माल पाठवायचा. कायमचा,” मी म्हणालो.

“पाठवायचा न्हाई,” मॅडम म्हणाल्या. आण्णांची भाषा त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच आली होती. “मी त्यांना लिहिते.”

“म्याडम, मिळालंय ते घालवू नगा. शेडवर चाळीस माणसं हायती.”

“तिकडं आठशे आहेत, आण्णा.”

त्यांनी लिहिलं. दोन पानं. नमुने निर्जंतुक होते, दाखल्याच्या चौथ्या ओळीत तसं नमूद होतं, तेव्हा अहवालातले आकडे शक्य नाहीत, कृपया फेरचाचणी करावी. आमच्याच मालाविरुद्ध आमचीच तक्रार. तुमच्या कचेरीच्या इतिहासात असं पत्र आलं नसेल. तुमचं उत्तर मात्र अकरा दिवसांत आलं. एरवी तुम्हाला चार महिने लागायचे.

अहवाल अंतिम आहे. फेरचाचणीची तरतूद नाही. अर्जदाराच्या तांत्रिक अधिकाऱ्यानेच उत्पादनाबद्दल संशय व्यक्त केल्याने सदर अधिकाऱ्याची मान्यता रद्द करण्यात येत आहे. तीस दिवसांत दुसऱ्या तांत्रिक अधिकाऱ्याचं नाव कळवावं, अन्यथा नोंदणी रद्द.

मॅडमनी ते वाचलं. एप्रन काढून खुंटीला लावला. परत काढला, घडी घालून पिशवीत ठेवला.

“जाताय?” मी विचारलं.

“जाते. जिवाणूच्या कल्चरच्या नळ्या फ्रिजमध्ये आहेत. लाइट गेला तर बर्फ घाला.”

“मॅडम, तुम्ही गेलात तर…”

“मी राहून काय करू, मारुतीभाऊ? माझी सही चालत नाही. ती खरी होती म्हणून चालत नाही.”

आता माझं सांगतो. एवढा वेळ तुम्हाला शिव्या देतोय म्हणजे मी सुटलो असं नाही.

आठवड्यानं आण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पेंढारकर पंख्याखाली बसलेले होते.

“मारत्या, तुझं नाव देतो. तांत्रिक अधिकारी.”

“आण्णा, मी दहावी पास आहे.”

“इंग्रजी येतं तुला. ऑटोक्लेव्ह तुझ्याइतका कुणाला कळतो का?”

“ते शिक्षण विचारतील.”

“अर्जात रकाना आहे,” पेंढारकर म्हणाले. “जे आहे ते लिहा. खोटं लिहायचं नाही म्हणता ना तुम्ही लोक? खरं लिहा.”

मी लिहिलं. शिक्षण: दहावी. अनुभव: ऑटोक्लेव्ह चालवणे. मनात म्हटलं, हे बघून तरी कुणी जागा होईल. मॅडमचीच चूक मी परत केली, फरक एवढाच की मला पगार वाढवून मिळणार होता. तीन आठवड्यांत मान्यता आली. अकरा वर्षं जिवाणूमागं घातलेली बाई तुम्हाला चालली नाही, मी चाललो.

पहिला कंटेनर जायचा होता. दहा हजार पाकिटं. पेंढारकर म्हणाले होते, जिवंत माल भरा, पट्ट्या वेगळ्या तापवून वर चिकटवा, कोण बघतंय. खरंच कुणी बघितलं नसतं. जिवंत माल गेला असता तर त्या बायकांचा भात उभा राहिला असता. खोटा दाखला आणि खरा माल. मी रात्रंदिवस त्यावर विचार केला असं म्हणायला आवडेल, पण नाही केला. मला एकच भीती होती: कुणी चुकून एक पाकीट तपासलं आणि जिवंत निघालं, तर दाखल्यावर माझी सही आहे. म्हणून मी पाकिटं तापवली. सगळी. महिनाभर ट्रे आत, ट्रे बाहेर. प्रत्येक दाखल्यातली प्रत्येक ओळ खरी होती, फक्त मॅडमची चौथी ओळ मी गाळली. ती कुणी मागितली नव्हती.

असे तीन कंटेनर मी भरले.

दुसऱ्या वर्षी एक पत्र आलं. तिकडच्या संस्थेतल्या मरियामा नावाच्या बाईचं, कुणाकडून तरी इंग्रजीत टाइप करून घेतलेलं. तिनं लिहिलं होतं, दोन हंगाम तुमची पावडर वापरली, मिठात काही फरक पडला नाही, रोपं जळाली. बोटीतून उतरल्यावर पाकिटं एक दिवस उन्हात राहिली होती, त्यानं बिघडली का? का आम्ही पाण्यात कालवून जास्त वेळ ठेवली? आमचं काय चुकलं ते कळवा, पुढच्या वेळी तसं करणार नाही.

आण्णांनी वाचून फाइलला लावलं. मी ते काढून मिरजेला मॅडमकडे गेलो. त्या एका कॉलेजात शिकवत होत्या. व्हरांड्यातच उभं राहून त्यांनी पत्र वाचलं, दोनदा, आणि मला परत दिलं.

“मला कशाला दाखवता?”

“काय उत्तर देऊ, मॅडम?”

“मला काय विचारता? सही ज्याची, उत्तर त्यानं द्यायचं.” तास सुरू व्हायची घंटा झाली आणि त्या आत गेल्या. चहासुद्धा विचारला नाही. बरोबर केलं.

त्या महिन्यात मी नोकरी सोडली. उत्तर मात्र दिलं नाही. सोळा वर्षं दिलं नाही. गेल्या आठवड्यात दिलं. जुन्याच पत्त्यावर, रजिस्टर पोस्टानं. लिहिलं: बाई, तुमचं काही चुकलं नाही. ऊन नाही, पाणी नाही. पाकिटात काही नव्हतंच. होतं ते मी मारलं होतं, एकशे एकवीस अंशांवर, तासभर, आणि खाली सही केली होती. ती जिवंत आहे का, अजून भात लावते का, मला माहीत नाही.

सह्या दोघांच्या होत्या. माझी निळी, तुमची हिरवी. माझं मी दिलं. आता तुम्ही द्या.

सरकारी शेतात चार भाग पाडले म्हणता. कुठलं शेत? कुठल्या तारखेला पेरलं? कापणी कुणी केली, त्याचं नाव काय? आमच्या वीस पाकिटांतलं एक तरी फोडलंत का, आणि फोडलं नसेल तर ती वीस पाकिटं आज कुठं आहेत? मला कळवू नका. मरियामाला कळवा. पत्ता तुमच्या फाइलीत आहे, आमच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर. ते पान तरी तुमच्याच विभागाचं आहे ना?